योग्य वेगाची प्रत

नियम दुसरा. फाईल पूर्ण हवी. एमपी थ्रीची फ्लॅक करून आणलेली चालणार नाही.

म्हणजे काय, हे 'तळघरा'त नव्याने येणाऱ्याला चाळणी एकाच उदाहरणाने पटवून द्यायचा. चहात बुडवलेलं बिस्कीट वाळवून परत पाकिटात भरलं म्हणून ते नवं होत नाही. एमपी थ्री म्हणजे जागा वाचावी म्हणून आवाजातलं थोडं थोडं गाळून टाकलेली फाईल, आणि फ्लॅक म्हणजे काहीही न गाळलेली. एकदा गाळलेलं परत येत नाही, पाकीट कितीही भारी आणा.

तळघर ही इंटरनेटवरची जागा. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं तिथे बाजारात कुठेच न मिळणारं गाणं-बजावणं आणून ठेवत. कुणाच्या माळ्यावरची तबकडी, कुणी रेडिओवरून उतरवून घेतलेली मैफल, घरगुती कॅसेटी. पद्धत अशी की एका गोष्टीची एकच प्रत ठेवायची, पण ती शेकडो घरांतल्या संगणकांवर. एक घर जळलं, एक संगणक बसला, तरी गाणं जात नाही. म्हणून तर ती एक प्रत चोख हवी. ती चोख आहे की नाही, हे तपासणाऱ्या मोजक्या मंडळींत चाळणी सगळ्यात जुना आणि सगळ्यात खडूस. त्याच्या हातून काहीच निसटत नाही म्हणून लोकांनीच ठेवलेलं नाव. त्याला ते आवडायचं. आरशासमोर उभं राहून तो ते स्वतःलाही म्हणून बघायचा, असं त्याची मुलगी सांगते. पण ती काहीही सांगते.

पोटापाण्याला चाळणी चष्मे करतो. गल्लीच्या तोंडाशी दुकान, आत एक काळी खुर्ची, समोर भिंतीवर लहान लहान होत गेलेली अक्षरं. गिऱ्हाइकाच्या नाकावर जड चौकट चढवायची, एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं आणि विचारायचं,

"हे बरं की हे?"

लोक गोंधळतात. परत दाखवा म्हणतात. चाळणी न कंटाळता परत दाखवतो. "घाई नाही. हे, की हे?"

हा प्रश्न लक्षात ठेवा.

नियम पाचवा. सुरुवातीची आणि शेवटची शांतता कापू नये. खोकला, खुर्ची, कुणाचं बोलणं, सगळं राहू द्यावं.

घरी ती कॅसेट होती. निळ्या डबीतली, वर काहीही न लिहिलेली.

तिच्यात चाळणीच्या बायकोचा आवाज होता. जगात एवढ्या एकाच ठिकाणी होता. ती गेली तेव्हा मुलगी इतकी गोल आणि इतकी लहान होती की तिला सगळे गोटी म्हणत. गोटीला आई आठवत नाही. तिला कॅसेट आठवते.

बायको गायिका नव्हती. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून शर्टाला बटण लावता लावता तिने एक गाणं रचलं आणि चाळणीने टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलं, एवढंच.

*बटण माझं पळालं गं,*
*कपाटाखाली दडलं गं,*
*शर्टाने मग तोंड उघडलं,*
*सगळं गुपित सांगितलं गं…*

अशी पाच-सहा कडवी. मध्ये भांडं सरकतं. मागे फ्रिज गुणगुणतो. आणि अगदी शेवटी, गाणं संपल्यावर, ती विचारते, "झालं का? बंद कर ना."

चिमणीसारख्या आवाजात. फुटू पाहणारं हसू दाबून धरल्यासारखं.

या एका वाक्यावर ते घर उभं होतं. नळ गळायला लागला की गोटी खोलीतून ओरडायची, "झालं का? बंद कर ना!" अगदी तसंच, चिमणीसारखं. पंखा, टीव्ही, बापाचं घोरणं, शेजारणीचं लांबत चाललेलं बोलणं, कशालाही हेच. गोटीला शाळेत ओरडा बसला तेव्हा चाळणीने तिचे डोळे पुसत हेच म्हटलं होतं आणि ती रडता रडता फसकन हसली होती. पंगतीत तिसरं माणूस असावं तसं ते वाक्य दोघांच्या मध्ये बसायचं.

एवढा तळघराचा राखणदार, पण ती कॅसेट त्याने वर चढवली नव्हती. आज करू, उद्या करू. मग एकदा ऐकताना आवाज मध्येच बुडाला आणि परत वर आला. चाळणीने टेप बाहेर काढून बघितली, तर बोटाला तपकिरी भुकटी लागली.

"गोटे, ही आता संगणकावर उचलायला हवी," तो म्हणाला.

"मग उचल की. जगाचं गाणं उचलत बसतोस आणि आपलंच तेवढं राहिलंय."

"नियमात बसायला हवी."

"आई नियमात बसवणार आता. धन्य आहे तुझी!"

उचलली. चोख उचलली. यंत्राचं हेड स्पिरिटने पुसलं, कॅसेट आधी एकदा पुढेमागे फिरवून मोकळी केली, काहीही कापलं नाही, काहीही गाळलं नाही. फाईल चढवताना तळघर माहिती विचारतं. चाळणीने भरली:

प्रकार: घरगुती ध्वनिमुद्रण.
मूळ: कॅसेट.
गायिका:

इथे बराच वेळ काहीच नाही.

मग लिहिलं, अज्ञात. नाव लिहायचा संकोच वाटला. शेकडो घरांत बायकोचं नाव, तेही बटणाच्या गाण्याखाली. तिने दोन्ही हात कमरेवर ठेवून विचारलं असतं, हे काय चालवलंयस? म्हणून अज्ञात.

नियम नववा. टेपचा वेग बरोबर हवा. चुकीच्या वेगाची फाईल कितीही स्वच्छ असली तरी स्वीकारू नये. योग्य वेगाची प्रत आली की चुकीची काढून टाकावी.

हा नियम चाळणीनेच लिहिला होता.

तपासनिसाची फाईल दुसऱ्या तपासनिसाने तपासायची असते. ही बुरशीकडे गेली. बुरशी म्हणजे दूर कुठल्याशा गावातली एक बाई. तिच्याकडच्या तबकड्यांना कायम बुरशी आलेली असायची आणि ती त्या साबणाने धुऊन आणायची, म्हणून हे नाव. दोघांचं रोज लिहिण्यातून भांडण आणि रोज लिहिण्यातूनच सख्य.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चाळणी काळ्या खुर्चीतच डबा खात बसला होता, तेवढ्यात फोनवर बुरशीचा निरोप आला.

"चाळणीराव, तुमची आहे म्हणून आधी खासगीत विचारते. वेग तपासलात का?"

"माझं यंत्र दर महिन्याला तपासतो मी."

"तुमच्या यंत्राचं नाही म्हणत. मुळात ज्या यंत्रावर गाणं टेप केलं त्याचं म्हणतेय. बाई गोड आहेत हो, पण चिमणी बोलल्यासारखं वाटतं."

"आवाजच तसा होता."

"तुम्हाला काय माहीत? अज्ञात ना?"

चाळणीने डब्याचं झाकण लावलं.

"मागे फ्रिज ऐकू येतोय बघा," बुरशीने पुढे लिहिलं. "फ्रिजची गुणगुण विजेच्या ठेक्यावर चालते. वीज सगळ्या घरांत एकाच ठेक्याने येते, तेव्हा गुणगुण एका ठरलेल्या सुरावर हवी. इथे ती आधीपासूनच वर आहे आणि गाणं पुढे जाईल तशी आणखी वर चढत जातेय. शेवटच्या वाक्याला तर फारच. माझ्या मते टेपरेकॉर्डरचे सेल संपत आलेले. उतरवताना टेप हळू हळू होत गेली, म्हणून वाजवताना बाई जलद जलद होत जातात."

"तो फ्रिज जुना होता. तसाच आवाज करायचा."

"फ्रिज जुना असेल. वीज कशी जुनी होईल?"

चाळणीने लिहिलं, "काही घरांत ते असंच ऐकलं गेलेलं असतं."

बुरशीला थट्टेचा वास आला असावा. तिने त्याचंच एक जुनं वाक्य त्याला परत पाठवलं. कुणीतरी आजोबांच्या बासरीची टेप आणली होती, वेग चुकलेली. आमच्याकडे सगळे हीच ऐकत मोठे झालो, राहू द्या ना, म्हणून विनवत होता. त्याला चाळणीने लिहिलेलं: *घरात काय ऐकलं गेलं हा निकष नाही. काय वाजलं होतं हा आहे.*

"तुम्हीच शिकवलंत, चाळणीराव," बुरशी म्हणाली. तिने एक हसरा चेहराही टाकला. तिचा काय दोष?

दारात एक आजोबा येऊन उभे राहिले. चष्म्याची दांडी हातात. चाळणी उठला, स्क्रू शोधू लागला आणि समोरच पडलेला स्क्रू त्याला दिसेना.

(इथे टेप थोडी मागे घेऊ.)

ती संध्याकाळ. स्वयंपाकघर. दिवे होते, वीज होती, तरी टेपरेकॉर्डर सेलवर का? कारण वायर कोपऱ्यापर्यंत पोचत नव्हती आणि तिला कोपऱ्यातून उठवत नव्हतं. दवाखान्यातून येऊन तिला चारच दिवस झाले होते. उशीला टेकून बसली होती. टेपरेकॉर्डरचा लाल दिवा मिणमिणता होता, एवढं चाळणीला आठवतं. तिच्या बोटात सुई होती, तेही आठवतं. शर्ट कुठला, बटण कुठलं, दोरा पांढरा की राखाडी, सगळं.

आवाज?

चाळणीने डोळे मिटून बघितलं. डोळे मिटले की चिमणी बोलायची. त्याच्या आत दुसरं काही उरलंच नव्हतं. इतक्या वेळा ती कॅसेट लावली गेली होती, की तिच्याखाली जे होतं ते कधीच पुसलं गेलं होतं.

नियम नववा, पुढे चालू.

रविवारी दुपारी त्याने काम करायला घेतलं. गुणगुणीचा धागा पकडायचा. ती जिथे जितकी चढली असेल तिथे तितकी तिला खाली आणायची, म्हणजे गाणं आपोआप तिच्यासोबत उतरतं. कंटाळवाणं काम, त्यात तो तरबेज. परक्यांच्या कितीतरी टेपा त्याने अशा सरळ केल्या होत्या. गुणगुणीची रेघ पडद्यावर चढावरच्या रस्त्यासारखी दिसत होती. त्याने ती सपाट केली.

आणि ऐकलं.

*बटण माझं पळालं गं…*

खर्जातली एक बाई गात होती. सावकाश. प्रत्येक ओळीनंतर थांबून. आधी ज्याला ते दोघं नखरा समजत आले होते, तो श्वास होता. 'कपाटाखाली' म्हणताना ती मध्ये दम घेत होती. चिमणीच्या वेगात तो दम ठेक्यात लपून गेला होता.

चाळणी शेवटपर्यंत थांबला.

"झालं का?"

मग लांब श्वास. इतका लांब, की त्याला वाटलं फाईल संपली.

"बंद कर ना."

त्यात हसू नव्हतं. कधीच नव्हतं. एक दमलेलं माणूस सांगत होतं, की आता पुरे, मला पडायचंय.

दारात गोटी उभी होती. ती कधी आली त्याला कळलं नव्हतं. गोटी एका मोठ्या कंपनीच्या फोनवर बसते. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि वरच्या पट्टीत साखर घोळून बोलायचं, आपली काय मदत करू. रविवारी ती शक्यतो तोंडच उघडत नाही.

"ही कोण?" तिने विचारलं.

चाळणीने पडद्यावरची रेघ परत सुरुवातीला नेली.

"बाबा. ही कोण गातेय आपलं गाणं?"

"आईच आहे. वेग चुकला होता, गोटे. सेल संपत आले होते. हा बरोबर वेग."

"कुणी सांगितलं?"

"फ्रिजने," चाळणी म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

गोटी क्षणभर हसणार होती. मग नाही हसली. "लाव परत."

लावलं. ती पलंगाच्या कडेवर बसून ऐकत राहिली, नखाशी खेळत. शेवटचं वाक्य आलं तसं तिने दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"काढून टाक हे."

"गोटे, अगं हीच…"

"तळघराचे नियम तळघरात ठेव. ही माझी आई नाही."

"हीच तुझी आई आहे. ती दुसरी नव्हती कधी."

"नव्हती?" गोटीचा आवाज चढला. "मग मी मोठी कुणाबरोबर झाले? रोज कुणाची नक्कल करत होते मी? आजारी बाईची? ती सांगतेय की मला होत नाहीये, आणि आपण इकडे नळ गळला की…"

तिने वाक्य सोडून दिलं. स्वयंपाकघरात आत्ताही नळ गळत होता. दोघांनाही ऐकू येत होता.

मग ती उठली आणि त्याच्याजवळ आली. त्याची खुर्ची फिरवून तिने त्याला स्वतःकडे वळवलं.

"तू तिच्याबरोबर राहिलायस. तुझे कान म्हणजे काय, सगळं जग पाया पडतं. पहिलं लावते, मग दुसरं लावते. डोळे मीट. आणि मला सांग, आई कुठली?"

तिने पहिलं लावलं. मग दुसरं.

"हे की हे?"

चाळणीने डोळे मिटलेलेच ठेवले.

"परत लाव," तो म्हणाला.

तिने परत लावलं. घाई केली नाही. पहिलं. दुसरं.

"बाबा?"

"परत."

तिसऱ्यांदा तिने लावलं नाही. तिला कळलं. नवऱ्याला बायकोचा आवाज ठाऊक नव्हता. तो फ्रिजला ठाऊक होता, आणि फ्रिज भंगारात जाऊन जमाना झाला होता.

गोटीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काढून घेतला, आणि आत जाऊन नळ घट्ट बंद केला.

नियम ~~पाचवा~~ ~~नववा~~

आठवडाभर घरात कुणी ते वाक्य बोललं नाही. ते बोलायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. पंखा बंद करायचा असला की दोघांपैकी एक जण उठून बटण दाबायचा. टीव्ही मोठा झाला तर गोटी रिमोट शोधायची. एकदा चाळणी जेवताना झोपेला आला आणि घोरायला लागला. जागा झाला तेव्हा ताट उचललेलं होतं आणि अंगावर चादर होती.

रोज दुकान बंद करून आला की तो योग्य वेगाची प्रत लावायचा. आठवेल म्हणून. हेडफोन नाही, उघड्यावर, स्वयंपाकघराच्या टेबलावर, म्हणजे खोलीचा आवाज खोलीशी जुळेल. कधी वाटायचं, हो, ही अशीच म्हणायची 'गुपित', ओठ मिटून. मग वाटायचं, छे, आत्ताच ऐकलंय म्हणून वाटतंय. भिंगं फार वेळ बदलली की गिऱ्हाइकालाही तसंच होतं. शेवटी दोन्ही सारखीच धूसर दिसतात.

शुक्रवारी गोटी कामावरून आली. फोनवरची साखर दाराबाहेर झटकून आल्यासारखी. चपला एकीकडे, पिशवी दुसरीकडे, आणि ती त्याच्यामागे भिंतीला टेकून उभी राहिली. टेबलावर गाणं चालू होतं. शर्टाने तोंड उघडलं होतं. भांडं सरकलं. फ्रिज गुणगुणत होता, सपाट, ठरल्या सुरावर. गाणं संपलं.

"झालं का?"

लांब श्वास.

"बंद कर ना."

चाळणी हललाच नाही. तीच पट्टी. तोच मधला दम. 'ना' तसाच खाली सोडून दिलेला. त्याने पडद्याकडे बघितलं. हिरवी रेघ गाण्याच्या शेवटच्या सुरापाशी थांबलेली होती. आदल्या रात्री तुकड्या-तुकड्याने ऐकताना त्याने तिथे थांबायची खूण करून ठेवली होती आणि फाईल तिथेच थबकली होती. ते वाक्य फाईलमधून आलं नव्हतं.

तो वळला. गोटी डोळे मिटून भिंतीला टेकली होती. आपण काय बोललो ते तिला समजलेलं दिसत नव्हतं. दमली होती फक्त.

किती वर्षं ही अशी बोलत होती? रोज संध्याकाळी याच दारात, याच आवाजात. आणि तो तिला म्हणायचा, काय गं अशी मेल्यासारखी बोलतेस, जरा हस की, आईसारखं बोलून दाखव.

"बाबा," गोटी डोळे न उघडता म्हणाली, "बंद कर की खरंच."

त्याने बंद केलं.

तपासणीचा निकाल.

योग्य वेगाची प्रत त्याने दुसऱ्या दिवशी दुकानातून चढवली. गोटीला विचारलं नव्हतं, सकाळी निघताना तिनेच दारातून म्हटलं होतं, "तुझी ती दे पाठवून. निदान ती तरी राहू दे कुठेतरी." माहितीचा तक्ता आधीचाच होता. गायिकेच्या रकान्यात अज्ञात होतं. या वेळी त्याने तिथे बोटही नेलं नाही.

बुरशीने तासाभरात उत्तर दिलं.

"स्वीकारली. नियमाप्रमाणे आधीची प्रत काढून टाकली आहे. उत्तम काम, चाळणीराव, गुणगुण अगदी रेघेवर. आता बाई माणसासारख्या वाटतात. फार थकलेल्या आहेत मात्र, ऐकवत नाही शेवटी. कोण होत्या, काही कळलं का?"

काळ्या खुर्चीत एक गिऱ्हाईक जड चौकट लावून बसलं होतं. डोकं मागे टेकवून, भिंग बदलायची वाट बघत.

"आलोच," चाळणी त्याला म्हणाला.

मग त्याने बुरशीला लिहिलं, "नाही."